उतरलेलं विमान

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, तुमची मर्जी. मी यातलं काहीही रंगवून सांगत नाहीये. रंगवण्याचं काम माझ्या भावाचं.

अमावस्या, मध्यरात्र असलं यात काही नाही. जे घडलं ते भर दुपारी, पावणेचारच्या सुमारास, आमच्या राहत्या घरात घडलं.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतो. रविवारी मागच्या खोलीत बसून लढाऊ विमानं रंगवतो. वीस वर्षांचा छंद. पंखावरचे खिळेसुद्धा मोजून काढणारा माणूस. लग्न केलं नाही. आई म्हणायची, याला बायको नको, धावपट्टी हवी.

गेल्या वर्षी त्याच्याकडे एक बाई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्याच्याच दुकानात चष्मा करून घेतला होता, तेव्हा भिंतीवरचं चित्र बघितलेलं. त्यांनी पिशवीतून एक पुसट फोटो काढला. एकाच माणसाला बसता येईल असं, पुढे पंखा असलेलं जुनं लढाऊ विमान. शेजारी त्यांचा मोठा भाऊ उभा.

तो भाऊ एका स्वच्छ दुपारी उडाला, तो परत आलाच नाही. ना विमान सापडलं, ना तो.

"उडताना काढू नका," बाई म्हणाल्या. "खाली उतरलेलं हवं. चाकं जमिनीवर, काच उघडी आणि सीट रिकामी. मला तो उतरलेला बघायचाय."

दादा हो म्हणाला. बाई जिना उतरून गेल्या आणि हा मला म्हणतो, उतरलेलं विमान म्हणजे स्टँडवर लावलेली स्कूटर. त्यात काय काढायचं? उडतानाच काढतो, बघतील तेव्हा खूश होतील.

त्याने तसंच काढलं. ढगांच्या वर. पुढचा पंखा म्हणजे नुसतं धूसर वर्तुळ, कारण फिरताना पाती दिसत नाहीत. काचेमागे नखाएवढं डोकं.

चित्र पूर्ण झालं त्या दुपारी मला आवाज आला...

विमानाचा. जुन्या इंजिनाची घरघर. लांबून आली, घरावरून गेली, विरली.

आणि परत आली.

मी गच्चीवर धावले. आभाळ निरभ्र. आवाज डोक्यावर, पण वर काहीच नाही.

जिन्यात तळमजल्यावरचे टेलरकाका भेटले. वैतागलेले. मघापासून कोण घिरट्या घालतंय, उतर म्हणावं एकदाचं, असं पुटपुटत होते.

म्हणजे मला एकटीलाच भास होत नव्हता.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. दादाने मला आत बोलावलं. चित्रातलं धूसर वर्तुळ विरळ झालं होतं. त्यातून तीन पाती दिसत होती... पंख्याचा वेग कमी झाल्यासारखी.

तू हात लावलास का, त्याने विचारलं. मी कशाला लावू? आणि रंग तर खडखडीत वाळलेला.

त्याने वर्तुळ नव्याने रंगवलं. आठवड्याभरात पाती आणखी स्पष्ट झाली.

दादाचं कशातच लक्ष लागेना. ताटावरून अर्ध्यात उठायचा. दुकानात एका गिऱ्हाइकाला भलत्याच नंबरच्या काचा बसवून दिल्या. मी कळवळून सांगितलं, बाई म्हणाल्या तसं काढ. पण झालेलं चित्र मोडायला त्याचा जीव होईना.

तिसरा रविवार. मी दादाजवळच बसले होते. घरघर आली, वळली, पुन्हा आली...

इंजिन खोकलं. एकदा. दोनदा.

बंद.

उरली ती फक्त शिट्टी. वारा कापत काहीतरी खाली येत होतं.

मी चित्राकडे बघितलं. तिन्ही पाती थांबली होती.

दादाने ब्रश उचलला. इतक्या सुंदर ढगांवर त्याने सपासप करडा रंग फासला. धावपट्टी. मग चाकं. "पांढरा दे, अगं, पांढरा दे," एवढंच बोलत होता. शेवटी काच उघडी काढली आणि त्या नखाएवढ्या डोक्यावरून ब्रश फिरवला.

सीट रिकामी.

घर हादरलं. खिडक्या थरथरल्या. पाठोपाठ काहीतरी घसरत सरकल्याचा आवाज... आणि मग सगळं शांत.

मग जिन्यावर बूट वाजले.

वर येणारे नाहीत. खाली जाणारे. आमच्याच दारापासून निघालेले.

दाराला आतून कडी होती.

संध्याकाळी टेलरकाका सांगत होते, मशीनमध्ये दोरा ओवत असताना कुणीतरी दारात येऊन विचारलं, फोन कुठे करता येईल? काकांनी मान खाली ठेवूनच बाहेर बोट दाखवलं. वर बघतात तर कुणी नाही. त्यांच्या दुकानात मात्र पेट्रोलसारखा वास भरून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही चित्र घेऊन बाईंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला. शेपटीवरच्या नंबरावर बराच वेळ बोट ठेवून बसल्या.

"हा नंबर त्याचा नाही," त्या म्हणाल्या.

फोटोत शेवटचा आकडा इंग्रजी आठ होता, दादाने तीन वाचला होता. तो खालीच बसला.

बाई रागावल्या नाहीत. रिकाम्या सीटकडे बघत त्यांनी विचारलं, "उतरल्यावर काही बोलला का तो?"

आम्ही त्यांना त्या दुपारबद्दल एक अक्षरही सांगितलं नव्हतं.

दादाने दुसरं चित्र केलं. पहिल्यापासूनच जमिनीवर. नंबर दहा वेळा ताडून. एकही आवाज आला नाही.

तेव्हापासून बाई दर रविवारी येतात. त्या दुसऱ्या चित्रासमोर तीन ते पाच बसून राहतात. ते घरी नेत नाहीत. मी चहा ठेवते, तो तसाच निवतो. काहीच येत नाही. पहिलं चित्रही आमच्याकडेच आहे, भिंतीकडे तोंड करून.

गेल्या मंगळवारी दादा दुकानात होता. मी एकटी. तीच वेळ...

जिन्यावर बूट वाजले. या वेळी वर येणारे. थांबत थांबत.

दारावर थाप पडली. कोण आहे, मी विचारलं.

"माझ्या घरात दुसरीच माणसं राहतात," बाहेरून आवाज आला. तरुण, दमलेला. "मी इथेच उतरलो होतो ना?"

माझा हात कडीवर होता. हातभर अंतरावर, दाराच्या पलीकडे, कुणीतरी श्वास घेत होतं.

मी दार उघडलं नाही.

पुष्कळ वेळाने बूट खाली गेले.

रविवारी बाई आल्या. खुर्चीत टेकता टेकता म्हणाल्या, "तो पहिला परत आला होता का गं?"

मी नाही म्हणाले. त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

दादालाही मी हे सांगितलेलं नाही. पहिल्यांदा इथे लिहितेय. दारातून परत गेलेला तो आता कुठे जाईल, हे डोक्यातून जात नाही. दुपारी घरात बसवत नाही आणि बाहेर पडायचं तर तोच जिना.

दार उघडायला हवं होतं का? तुम्ही काय केलं असतं?