मागं कुनी राह्यलं न्हाई

खोटं वाटत असेल तर वाटू द्या. पण हे गेल्या फाल्गुनात, एका रविवारी, भर दुपारी दौंडच्या रेल्वे कॉलनीत घडलंय. हर्षदा माझी चुलत वहिनी. तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय नाही.

धनगरांच्या बोलीवरचा तिचा पीएचडीचा प्रबंध मार्गदर्शक सरांनी तिसऱ्यांदा परत पाठवला होता. संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून दिला नाही, तर नोंदणी रद्द. एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

वहिनी पार शिणली होती. शाळेची नोकरी, घर, त्यात ऱ्हस्व-दीर्घ. डोळे नुसते चुरचुरत होते.

तपासताना ती मोठ्यानं वाचायची. सासूबाई, सगुणाबाई, स्वयंपाकघरात धान्य निवडत हुंकार भरायच्या. त्यांना अक्षरओळख नाही, पण तेवढ्यानं वहिनीला डुलकी लागत नसे.

त्या दुपारीही तसंच चाललं होतं.

एक ओळ वाचली. आतून, "व्हय."

दुसरी. "व्हय."

मग केंदूरच्या दगडाबाई धनगरणीचं, वहिनीनं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलेलं बोलणं आलं. म्हातारी दिवाळीतच वारली होती. सरांचा शेरा होता, प्रमाण भाषेत लिहा. वहिनीनं तसं केलं होतं.

"मेंढरे गेली तेव्हा आम्हीही गेलो. मागे कोणी राहिले नाही."

आत... शांतता.

"आत्या?" वहिनीनं सासूबाईंना हाक मारली.

"न्हाई."

"आता तुमी बी चुका काढा," वहिनी वैतागली. पुन्हा वाचलं.

पुन्हा... "न्हाई."

दमलेल्या माणसाला वाद नको असतो. तिनं मूळ शब्द परत घातले. "मेंढरं गेली तवा आमी बी गेलो. मागं कुनी राह्यलं न्हाई."

"व्हय."

तेवढ्यात फोन वाजला. सगुणाबाईंचा.

"हर्षदा, मी आज कासुर्डीलाच ऱ्हाते गं. सकाळी निघाले तवा तुझा डोळा लागला व्हता, म्हून उठवलं न्हाई. जेवलीस का?"

वहिनीनं उठून आत डोकावलं. स्वयंपाकघरात कुणीच नव्हतं.

तिनं प्रबंध होता तसाच पाठवून दिला.

सरांचा फोन आला. "मॅडम, बोली अशीच ठेवायची तर मूळ रेकॉर्डिंग पाठवा. त्याशिवाय मला मान्य करता येणार नाही."

तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. तिचाच आवाज होता. "आजी, मेंढरं घेऊन कुठवर जायचात?"

पुढं... काही नाही.

वारा ऐकू येत होता. कोंबडी ओरडत होती. दगडाबाईंचा आवाज तेवढा नव्हता.

तिनं प्रश्न पुन्हा लावला.

या वेळी उत्तर आलं... स्वयंपाकघरातून.

रेकॉर्डिंग देता आलं नाही, नोंदणी रद्द झाली. वहिनी कुणावर चिडली नाही, रडलीही नाही.

मी धीर करून विचारलं, "काय उत्तर आलं?"

"सगळं सांगितलं म्हातारीनं. गावं, वाटा, पानी. मी बसून लिहून घेतलं," वहिनी दमल्या आवाजात म्हणाली. "पन आता पुरावा म्हून काय जोडू, ते तू सांग."

त्यांच्याकडं चहाला बोलावलं, तरी मी आता बाहेरच्या खोलीतच बसतो.