नववा ठोकळा

तिला जाऊन आता सात महिने झाले. भाची म्हणते, मामा, तुमच्या दोघांची गोष्ट लिहून ठेव. मला लिहिण्यातलं काही कळत नाही, मी सुतार माणूस. पण जसं झालं तसं सांगतो.

ती पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मी रंधा मारत होतो. दारात एक बाई उभी. गळ्यात दोरीला बांधलेलं स्टॉपवॉच, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली लाकडी पेटी.

"मिस्त्री, एक ठोकळा करून मिळेल का?"

"एकच?"

"आठ आहेत. नववा एका मुलीने खिडकीतून फेकला. सापडतच नाही."

"नेम चांगला असणार तिचा."

"नेमाला गुण नाहीत आमच्याकडे," ती म्हणाली. हसली नाही, पण ओठ दाबून धरले.

ती शाळाशाळांतून मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घ्यायची. मुलं तिला घड्याळवाल्या बाई म्हणायची. पेटीत बरंच काही होतं, त्यातलेच हे ठोकळे. काही बाजू लाल, काही पांढऱ्या, काही तिरप्या अर्ध्या-अर्ध्या. पुस्तकातलं चित्र दाखवायचं, घड्याळ दाबायचं, आणि मुलाने ठोकळे जुळवून तसंच चित्र करायचं.

मी केलेला पहिला ठोकळा तिने तळहातावर तोलला. "जड आहे."

"लाकूड आहे बाई, पीस नव्हे."

"मुलांच्या हाताला कळतं हो. एक वेगळा लागला की तोच धरून बसतात, आणि माझं घड्याळ पळत राहतं."

दुसऱ्याचा लाल रंग गडद निघाला. तेव्हा कंटाळून म्हणाली, "पेटीच ठेवून जाते. बिजागरीही सैल झालीय. सोमवारी नेईन. आणि... कुणाला दाखवायची नाही हं."

"सुताराच्या दुकानात ठोकळे बघायला कोण येतंय?"

हे मी अगदी खऱ्या मनाने म्हणालो होतो.

दुसऱ्याच दिवशी शाळेतून चिठ्ठी आली. माझी बहीण आणि मेहुणे गेले तेव्हापासून भाची माझ्याकडे. तेव्हा सात वर्षांची होती. बिया, खिळे, लाकडाचे तुकडे, सगळं खिशात साठवायची म्हणून मी तिला खारू म्हणायचो. शाळेत तोंड उघडत नसे. मुख्याध्यापकांनी लिहिलं होतं, मुलीची बुद्धी बेताची दिसते, चाचणी करून घेऊ. तसं निघालं तर दुसऱ्या शाळेत पाठवावं लागेल. ती शाळा बसने तीन तासांवर. मुलं तिथेच राहतात, सुट्टीत घरी येतात.

चाचणीला अकरा दिवस होते, आणि चाचणीची पेटी माझ्या बाकावर होती.

मी आणखी नऊ ठोकळे केले. पुस्तकातली चित्रं कागदावर उतरवून घेतली. रोज संध्याकाळी खारूला घेऊन बसलो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. परीक्षा म्हटली की पोरांचा अभ्यास घेतातच ना? तरी सोमवारी ती पेटी न्यायला आली तेव्हा मी ते ठोकळे बाकाखाली सरकवले. म्हणजे कुठेतरी कळत होतंच.

तिने नऊ ठोकळे एकत्र मिसळले, डोळे मिटले आणि एकेक चाचपू लागली.

"हा तुमचा."

"नाही."

"मग हा."

"तोही नाही."

"खोटं बोलताय!" तिने डोळे उघडले आणि मोकळी हसली. नाकाच्या शेंड्याला भुसा लागला होता. मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने तो पुसला असता.

चाचणी झाली. चार दिवसांनी ती तरातरा चालत दुकानात आली.

"मिस्त्री, निकाल सांगायचा नसतो, पण मला राहवत नाही. मुख्याध्यापकांशी भांडून आलेय मी. शब्दांत तुमची भाची मागे आहे, पण ठोकळ्यांत... इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही. चित्र आयुष्यात पहिल्यांदा बघते आणि घड्याळाच्या आधी हात चालतात! बेताची बुद्धी म्हणे. उद्या मी माझ्या सहीने लिहून देणार आहे."

पहिल्यांदा बघते. तेव्हा मला कळलं, त्या चाचणीची सगळी किंमत 'पहिल्यांदा' या एका शब्दात होती. गप्प बसलो असतो तर खारू घरी राहिली असती. मी आज नुसतं ऐकून घ्यायचं आणि तिने उद्या सही करायची, एवढंच बाकी होतं.

मी वाकलो आणि बाकाखालचे ठोकळे काढून तिच्यासमोर ठेवले.

तिने त्यातला एक उचलून तळहातावर तोलला.

"किती दिवस शिकवलंत?"

"अकरा."

"म्हणजे सोमवारी हे इथेच होते. आणि मी डोळे मिटून हसत होते."

"हो."

"मग आता कशाला सांगितलंत? उद्या सही झाली असती. मुलगी राहिली असती तुमच्याकडे."

"सही तुमची होती," मी म्हणालो.

ती पेटी उचलून गेली.

पुढचं मला मुख्याध्यापकांकडून कळलं. तिने लिहून दिलं की चाचणी रद्द धरावी. स्वतःच्याच हलगर्जीपणामुळे पेटी चार दिवस बाहेर राहिली, असं कारण दिलं. माझं नाव कुठेही नव्हतं. नियमाप्रमाणे तीच चाचणी वर्षभर पुन्हा घेता येत नव्हती, तोवर खारू आहे त्या शाळेत राहणार होती. आणि तिची पेटी काढून घेऊन तिला कार्यालयात कागद लावायला बसवलं होतं.

मी कार्यालयात गेलो. ती फायलींच्या ढिगाआड बसली होती.

"शिक्षा मला व्हायला हवी होती."

"पेटी ठेवून कोण गेलं होतं?" तिने वर पाहिलं नाही. मी निघालो, तर म्हणाली, "मिस्त्री... अकरा दिवसांत किती चित्रं शिकली ती?"

"सगळी. शेवटची दोन तर तिची तिनेच काढली. तुमच्या पुस्तकात नाहीत."

आता तिने वर पाहिलं. "उद्या संध्याकाळी येऊ का मी?"

"चाचणी घ्यायला?"

"पेटी कुठे आहे माझ्याकडे? नुसती बसायला."

ती आली. मग येतच राहिली. भुशात मांडी घालून बसायची, खारूचं ऐकायची. महिन्याभराने मला म्हणाली, "तिला उत्तरं येतात हो. फक्त यायला वेळ लागतो, तोवर वर्गातल्या बाई पुढच्या मुलाकडे गेलेल्या असतात." तिने खारूला दोनच शब्द शिकवले, 'थांबा, सांगते.' खारूने ते वर्गात म्हणायला तीन महिने लावले. ज्या दिवशी म्हणाली, त्या दिवशी आम्ही दोघं मोठी माणसं दुकानात उगीचच एकमेकांकडे बघत बसलो.

वर्ष संपलं. या वेळी चाचणी घ्यायला एक वयस्कर गृहस्थ आले. आम्ही बाहेर बाकावर. तिचा हात बाकाची कड घट्ट धरून होता. मी माझा हात त्यावर ठेवला. तिने काढून घेतला नाही.

दार उघडलं. गृहस्थ कागद बघत म्हणाले, "बुद्धी साधारण. शाळा बदलायची गरज नाही."

साधारण! एवढा सुंदर शब्द मी तोवर ऐकला नव्हता.

"फक्त एक विचारायचंय. मुलीला विचारलं, घरी कोण कोण असतं? ती म्हणाली, मामा, मी आणि घड्याळवाल्या बाई. आमच्या कागदावर तर दोघंच आहेत. या बाई कोण?"

मी जमिनीकडे बघत राहिलो.

"मी," ती म्हणाली. कान लाल झाले होते. "अजून राहत नाही... राहणार आहे."

गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि आत गेले.

महिन्याभरात आमचं लग्न झालं. सव्वीस वर्षं संसार केला. ती मला शेवटपर्यंत मिस्त्रीच म्हणायची. मधूनच चिडवायची, "मिस्त्री, तुम्ही मला लग्नाचं विचारलंच नाहीत. मीच सांगून मोकळी झाले. विचारा की एकदा." मी म्हणायचो, "विचारेन. घाई काय आहे?"

दवाखान्यातही एकदा म्हणाली. मी तेव्हाही तेच म्हणालो.