साडेचार वितींचं डोकं

"डावीकडे," पाण्यातून तोंड वर काढत कौस्तुभ छातीठोकपणे म्हणाला.

सावळोकाका उजवीकडे होते. होडीतून ओणवं होऊन, कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून ते स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवत होते.

"परत एकदा." कौस्तुभने डोळे मिटले, स्नॉर्कल (पाण्यात तोंड खाली ठेवून श्वास घेता येईल अशी वाकडी नळी) दातांत धरली आणि पुन्हा तोंड पाण्यात घातलं. पेला वाजला. या खेपेला त्याने पाठीमागे बोट दाखवलं. काका जागचे हललेही नव्हते. तिसऱ्या वेळी तर त्याने थेट खाली, समुद्राच्या तळाकडे बोट केलं, तेव्हा मावशीआजीला हसू आवरेना.

"तेरा वर्षांचा घोडा झालास आणि आवाज कुठून येतो ते सांगता येत नाही?"

"आजी, खरंच कळत नाही गं. आवाज कसा डोक्याच्या आतूनच आल्यासारखा वाटतो."

"का बरं? शोध काढ. घरी जाईपर्यंत वेळ आहे."

मावशीआजी म्हणजे कौस्तुभ आणि त्याची मावसबहीण रेवती, या दोघांच्या आजीची धाकटी बहीण. समुद्रात कोण काय बोलतं, हे ऐकण्यात तिने उभा जन्म घालवला होता. ती निवृत्त झाली होती, पण फक्त कागदोपत्री. तिने मालवणला घर केलं होतं. २०४५ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत तिने गावातल्या जुन्या मच्छीमार सावळोकाकांची उलांडीवाली होडी ठरवली आणि मुलांना दिवसभरासाठी समुद्रावर आणलं. उलांडी म्हणजे होडीला समांतर तरंगणारा लाकडाचा लांब ओंडका. दोन आडव्या दांड्यांनी तो होडीला जोडलेला असतो, त्यामुळे होडी कलंडत नाही. सकाळी खडकांजवळ स्नॉर्कलिंग, दुपारी नशीब असेल तर डॉल्फिन, असा बेत होता.

मग रेवतीची पाळी आली. तीही तिन्ही वेळा चुकली. पण वर आली ती अशी काही खुशीत, की जणू बक्षीसच मिळालं होतं. हरून एवढा आनंद कशाचा, हे होडीत कुणालाच कळलं नाही.

त्याचं कारण रेवतीने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पाच वर्षांची असताना तिला गालगुंड झालं आणि त्यात तिचा डावा कान गेला. अजिबात ऐकू येत नाही त्या कानाने. उजवा मात्र तिखट आहे. आईकडून तिने शपथच घेतली होती, की कुणाला सांगायचं नाही. वर्गात ती डावीकडच्या भिंतीजवळचा बाक धरायची, म्हणजे सगळे आपोआप उजवीकडे येत. पण मैदानावर कुणी हाक मारली की पंचाईत. हाक ऐकू यायची, कुठून आली ते कळायचं नाही. मग ती मान गरागरा फिरवून शोधायची. कौस्तुभने तिचं नाव 'टेबलफॅन' ठेवलं होतं. ती वरवर हसायची, पण ते नाव तिला फार लागायचं.

आणि आज पाण्यात कौस्तुभसुद्धा टेबलफॅन झाला होता. रेवतीला मनातून इतकं बरं वाटलं की विचारू नका.

पुढे डॉल्फिन दिसले. खडकांपलीकडे पाण्यातून एक करडी पाठ वर आली, वळली आणि बुडाली. सावळोकाकांनी लगेच मोटार बंद केली. त्यांच्या मागे धावायचं नाही, त्यांना यायचं तर ते येतील, हा त्यांचा नेम होता.

त्या वेळी रेवतीच्या हातात डुबक्याची दोरी होती. डुबक्या म्हणजे मावशीआजीने बनवलेला कासवाएवढा पिवळा, बोलका रोबो. तो पाण्याखाली पोहत डॉल्फिनचे आवाज साठवायचा. दर महिन्याला ते काढून घ्यायचे असत. या महिन्याचे अजून काढलेले नव्हते, आणि याच महिन्यात इथल्या डॉल्फिनच्या कळपात एक पिल्लू जन्मलं होतं. त्याचे पहिले आवाज जगात फक्त डुबक्याकडे होते. खडकांजवळ पाण्याला ओढ असते म्हणून तेवढ्या भागात त्याला दोरी बांधत.

"रेवती, दोरी आखडून धर!" मावशीआजी डावीकडून ओरडली.

रेवतीला हाक ऐकू आली. सवयीने ती उजवीकडे वळली. तिथे कुणीच नव्हतं. ती पुन्हा वळेपर्यंत दोरीला हिसका बसला, ओली दोरी हातातून सुटली आणि पाण्यात दिसेनाशी झाली.

"अगं, तिकडे काय बघत होतीस?" कौस्तुभ वैतागला. "आजी या बाजूला ओरडतेय आणि तू भलतीकडेच!"

रेवती काठावरून ओणवी होऊन पाण्यात दोरी शोधू लागली.

एरवी दोरी सुटली की डुबक्या आपोआप वर येई. पाच मिनिटं झाली तरी तो वर आला नाही. याचा अर्थ तो कशात तरी अडकला होता. मावशीआजीने टॅबलेट पाहिला. बुडण्यापूर्वीचा शेवटचा निरोप होता, 'चार्ज बावीस टक्के.' रात्री त्याला चार्जिंगला लावायचं काम कौस्तुभचं होतं. ते तो विसरला होता.

"म्हणजे फार तर अर्धा तास," मावशीआजी म्हणाली. "अडकला की तो दर सेकंदाला 'टुक' असा आवाज करतो. चार्ज संपला की गप्प होईल. मग भरतीच्या ओढीने कुठे जाईल देव जाणे."

"टॅबलेटवर दिसत नाही का तो?" कौस्तुभने विचारलं.

"रेडिओलहरी समुद्राच्या पाण्यात वीतभर जातात न जातात तोच विझतात. पाण्यात खरा निरोप्या म्हणजे आवाज. तो कोसच्या कोस जातो."

सगळ्यांनी आळीपाळीने पाण्यात कान बुडवले. टुक. टुक. टुक. स्पष्ट ऐकू येत होतं, पण कुठून येतंय ते मात्र काही केल्या कळेना. भरतीने पाणी आता गढूळ झालं होतं, हातभर अंतरापलीकडे काही दिसत नव्हतं.

"पन्नास वर्सां काढलंय ह्या पाण्यात," सावळोकाका मिशीवरचं पाणी पुसत म्हणाले. "आवाज येता, पण खंयसून येता तां काय कळणा नाय."

"असं का होतं, आजी?" रेवतीने विचारलं. तिचा आवाज रडवेला झाला होता.

मावशीआजीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग हायड्रोफोन (पाण्यात सोडून आवाज टिपण्याचं यंत्र) पिशवीतून काढता काढता भराभर सांगू लागली. "जमिनीवर तुझ्या एका बाजूला कावळा ओरडला, तर आवाज आधी त्या बाजूच्या कानात शिरतो. दुसऱ्या कानाशी पोचायला त्याला थोडा उशीर होतो. उशीर केवढा? एका सेकंदाचे हजार तुकडे केलेस तर त्यातल्या एकाच्या अर्ध्याहून जरासा जास्त. पण आपला मेंदू तेवढाही ओळखतो आणि म्हणतो, कावळा या बाजूला."

"आणि पाण्यात?"

"हवेत आवाज सेकंदाला साधारण तीनशे चाळीस मीटर धावतो. पाण्यात जवळजवळ पंधराशे. चौपटीहून जास्त वेग. मग या कानापासून त्या कानापर्यंत जायला त्याला वेळ लागतोच कुठे? शिवाय तो कवटीच्या हाडांतूनही आत शिरतो. दोन्ही कानांना एकदमच आल्यासारखा वाटतो आणि मेंदू गोंधळतो."

"मग डॉल्फिनला कसं कळतं?" कौस्तुभने विचारलं.

"त्यांचा खालचा जबडा आवाज झेलतो आणि त्यातली चरबी तो कानापर्यंत नेते. त्यांचे कान कवटीला घट्ट चिकटलेले नसतात, मध्ये हवेच्या पोकळ्या असतात. म्हणून प्रत्येक कानाला आपापलं ऐकू येतं आणि मेंदूला इवलासा उशीरही पकडता येतो. आपण पडलो जमिनीवरची माणसं."

 डुबक्या गेला तो आपल्यामुळे, हे रेवतीच्या डोक्यातून जात नव्हतं. सांगितलं तर हसतील अशी भीती होती, आणि सांगून डुबक्या काही परत येणार नव्हता, पण हे ओझं घेऊन तिला आता बसवेना.

"मला जमिनीवरही असंच होतं," ती म्हणाली. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. मघाशी म्हणून मी भलतीकडे वळले. मी मुद्दाम नाही केलं."

 कौस्तुभचे कान लाल झाले. टेबलफॅन हा शब्द त्याला आठवला असणार.

मावशीआजीने रेवतीचा ओला हात हातात घेतला. "मला आधी सांगितलं असतंस तर मी उजवीकडून हाक मारली असती. चूक तुझ्या एकटीची नाही, राणी."

रेवतीने नाक पुसलं. ज्याचा एक कान जातो तो दोन कानांचा विचार इतरांपेक्षा जास्त करतो. तिने तर सहा वर्षं केला होता. "आजी," ती हळूच म्हणाली, "आवाज चौपटीहून जास्त पळतो, तर कानही तेवढेच लांब लांब ठेवले तर? म्हणजे डोकंच मोठं केलं तर?"

मावशीआजी हायड्रोफोन हातात धरून तशीच बघत राहिली. "माझ्याकडे दोन आहेत," ती म्हणाली. "एक बिघडला तर असावा म्हणून दुसरा."

मग एकच धांदल उडाली. माणसाचं डोकं कानापासून कानापर्यंत साधारण वीतभर. म्हणजे पाण्यातलं डोकं हवं साडेचार वितींचं. कशावर बांधायचं? सावळोकाकांनी उत्तरादाखल उलांडीच्या पुढच्या आडव्या दांड्यावर थाप मारली. मावशीआजीने त्यावर साडेचार विती मोजल्या आणि एकेका टोकाला एकेक हायड्रोफोन पाण्यात सोडला. डावीकडच्याची वायर हेडफोनच्या डाव्या बाजूला, उजवीकडच्याची उजव्या बाजूला.

हेडफोन तिने रेवतीपुढे धरला आणि मग तिच्या लक्षात आलं. रेवतीच्या तर ते आधीच लक्षात आलं होतं. युक्ती तिची होती, पण ऐकायला दोन कान लागणार होते. तिने हेडफोन घेतला आणि कौस्तुभच्या डोक्यावर चढवला.

कौस्तुभने डोळे मिटले. "टुक... उजवीकडे! आजी, चक्क उजवीकडे आहे."

सावळोकाकांनी वल्ह्याने होडी उजवीकडे वळवली. "आता?"

"आता मधोमध. पण," त्याचा चेहरा पडला, "समोर आहे की मागे, ते कळत नाही. दोन्ही कानांत सारखंच येतंय."

"मान फिरव," रेवती म्हणाली. "मी तेच करते. म्हणजे, होडीची मान फिरवा काका. थोडी उजवीकडे. आवाज डावीकडे सरकला तर तो समोर आहे. उजवीकडे सरकला तर मागे."

"होडयेची मान," काका पुटपुटले. "आयकूक बरां वाटता." त्यांनी वल्हं मारलं.

"डावीकडे सरकला," कौस्तुभ म्हणाला. "म्हणजे समोर. खडकांच्या दिशेने."

पुढची पंधरा मिनिटं कौस्तुभ नुसता कान होता आणि रेवती नुसती मान. तो बाजू सांगे, ती होडी कुठे वळवायची ते सांगे. टुकटुक आता दोन-दोन सेकंदांनी येत होती, मग चार सेकंदांनी. एकदा तर इतका वेळ काहीच आलं नाही, की मावशीआजीने डोळे मिटून घेतले. मग एक क्षीण टुक आली, आणि कौस्तुभ म्हणाला, "इथेच. अगदी जवळ."

काकांनी उडी घेतली. ते वर आले तेव्हा त्यांच्या एका हातात फाटक्या जाळ्याचा गुंता होता आणि गुंत्यात पिवळी पाठ. "आयलो बघ तुझो डुबक्या, चेडवा," ते रेवतीला म्हणाले. " कोणी तरी जाळां टाकून गेललो, त्यात गावलो."

"चार्ज एक टक्का," डुबक्या खरखरत्या आवाजात म्हणाला. "आपण सर्वांनी पुष्कळ वेळ लावलात." आणि तो बंद पडला.

रेवतीने त्याला मांडीवर घेतलं आणि ती हसता हसता रडली.

परतण्यापूर्वी होडी थोडा वेळ तशीच तरंगत राहिली. कौस्तुभने हेडफोन अजून काढला नव्हता. एकाएकी त्याने हात वर केला. "डॉल्फिन. टकटक टकटक ऐकू येतंय. कितीतरी आहेत." आवाज फेकून, त्याच्या प्रतिध्वनीवरून ते वाट शोधतात, हे मावशीआजीने सकाळीच सांगितलं होतं.

मग तो रेवतीकडे पाहून जरा घुटमळला आणि उठून तिच्या पाठीमागे येऊन बसला. "डोळे मीट," तो म्हणाला.

त्याचं बोट तिच्या डाव्या खांद्यावर हलकेच टेकलं. मग जरा आत सरकलं. मग मानेजवळ आलं, मग उजव्या खांद्याकडे निघालं. रेवतीला क्षणभर काही कळेना. मग कळलं. तो तिला आवाजाची जागा दाखवत होता.

"अशी दोन यांत्रिक बोटं," मावशीआजी स्वतःशीच म्हणाली आणि तिने वही काढली. "चष्म्याच्या दोन काड्या, दोन इवलेसे माईक. ज्या बाजूने आवाज, त्या बाजूला टिचकी. जमिनीवरही चालेल. डुबक्याची दुरुस्ती झाली की लगेच हातात घेते."

रेवतीचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. बोट उजव्या खांद्याच्या टोकाशी पोचलं आणि थांबलं. तिने मिटल्या डोळ्यांनीच मान वळवली, एकदाच, नेमकी तिथेच, आणि मग डोळे उघडले.

समोर पाणी फुटलं. एक मोठी करडी पाठ वर आली, आणि तिला चिकटून एक छोटी.

"बघितलंस?" कौस्तुभने विचारलं. या वेळी तो तिच्या उजव्या कानाशी वाकून बोलला होता.

"सगळ्यांच्या आधी," रेवती म्हणाली.