सेमेसाचा नकार

हाड मोडलं तर भरवसा कुणावर ठेवाल, पोरांनो? गावच्या मालिशवाल्यावर, डॉक्टरवर, की फायलीत लिहिलंय त्यावर? मी इतकी वर्षं दुखण्यावरचं तेल विकतोय आणि माझेच गुडघे दुखतात. तेव्हा माझ्यावर नका ठेवू. मुळं कुटून केलेल्या त्या यांगोनाची वाटी तेवढी इकडे सरकवा, मग सांगतो.

अपेनिसाला ओळखता ना? माझ्या दुकानासमोरचा, रग्बी खेळणारा. राजधानीत, सुवाला फिजिओथेरपी शिकत होता, शेवटचं वर्ष. पदवीआधी काही महिने इस्पितळात काम करावं लागतं, म्हणून त्याला आपल्याच बेटावर पाठवलेलं. पुढचं सगळं त्याने माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं.

गेल्या ऑक्टोबरातला दुसरा शुक्रवार. रात्रीचे पावणेअकरा. सिस्टर मेरेआनीचा फोन आला, "अरे, सहा नंबरच्या खाटेपाशी तुमचा वॉकर तसाच उभा आहे. सकाळी तिथे दुसरा पेशंट येतोय. मला बाळंतिणीकडे जायचंय. तू येऊन ने बाबा, नाहीतर मीच त्याला धरून नाचेन."

चपला अडकवून अपेनिसा निघाला. काम ते किती, वॉकर उचलायचा आणि फिजिओच्या खोलीत ठेवायचा.

सहा नंबरची खाट म्हाताऱ्या सेमेसाची. धक्क्यावर घसरला, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. अशा पेशंटला दुसऱ्याच दिवशी उभं करून चालवायचं असतं. पडून राहिला तर पायात रक्ताची गाठ धरते. अपेनिसाला हे झोपेतसुद्धा म्हणून दाखवता आलं असतं.

आता सेमेसाचं गाव आणि अपेनिसाचं गाव एकमेकांचे तौवू. थट्टेचं नातं. भेटल्यावर शिव्या घातल्या नाहीत तर समोरच्याला ताप आलाय समजायचं. पहिल्या दिवशी अपेनिसा वॉकर घेऊन गेला तेव्हा म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "नाही उठत मी, तौवू. तुमच्या गावात सगळे खेकडे. आडवं चालणाऱ्याने मला काय शिकवावं?"

"मग पडून राहा," अपेनिसा म्हणाला. "तुमच्या गावचे जन्मापासून आडवेच."

म्हातारा हसला, खोकला, आणि वॉकर धरून दारापर्यंत जाऊन आला. त्याचं 'नाही' म्हणजे उठायची तयारी. टोला मिळाला की स्वारी उभी.

बुधवारी अपेनिसाला रग्बीच्या सरावाची घाई होती. "नाही उठत," सेमेसा म्हणाला आणि टोल्याची वाट बघत राहिला. अपेनिसा काही बोलला नाही. फायलीत लिहिलं, 'रुग्णाने चालण्यास नकार दिला,' आणि सटकला. गुरुवारीही तेच. म्हातारा मागून म्हणाला, "का रे तौवू, शिव्या संपल्या?"

शुक्रवारी पहाटे पायातली गाठ फुप्फुसात गेली. सेमेसा गेला. फाईल मात्र स्वच्छ होती. नकार दिला म्हटल्यावर कोण काय विचारणार?

सोमवारी फिजिओ विभागाच्या प्रमुख शोभना मॅडम अपेनिसाच्या कामावर सही करणार होत्या. ती झाली की पदवी. खरं बोललं तर सही नाही. दिवसभर तो हेच घोळवत होता, आणि त्याच रात्री हा फोन.

वॉर्डात एक दिवा जळत होता. पेशंट झोपलेले. सहा नंबरची गादी उघडी. शेजारी वॉकर.

अपेनिसाने तो धरला. उचलेना.

पुन्हा ओढला. जड… कुणी दोन्ही हातांनी भार टाकल्यावर होतो तसा. हा भार त्याच्या हातांच्या ओळखीचा होता.

"नाही उठत मी, तौवू."

आवाज हळू. खाटेतून.



"नाही उठत…"



टोला द्यायला हवा होता. तोंड उघडेना.

"नाही…"

शेवटी तो बोलला. रडत. "तुमच्या गावचे… जन्मापासून आडवेच."

गादी करकरली. वॉकर हलला. टक. मागून पाय ओढल्याचा आवाज. टक.

अपेनिसा दुखऱ्या बाजूला उभा राहिला. शिकवलं होतं तसा. दारापर्यंत. परत.

"बस आता, तौवू…?"



टक.

दार. खाट. दार…

उजाडताना मेरेआनी बाळंतपण आटोपून आली. अपेनिसा वॉकरच्या बाजूने चालत होता, एक हात हवेत, जणू कुणाची कंबर धरलीय. "रात्रभर सराव केलास की काय?" तिने विचारलं. तो मटकन खाली बसला.

सोमवारी त्याने शोभना मॅडमना बुधवार-गुरुवारचं सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, उठून दार लावलं.

"फाईल बंद झालीय, अपेनिसा. घरच्यांनी म्हाताऱ्याला पुरलं. तू आता खरं लिहिलंस म्हणून तो उठणार आहे? चौकशी तुझी होईल, माझीही होईल. पदवी हवी की नको, तेवढं सांग."



"हवी," अपेनिसा म्हणाला.

मॅडमनी सही केली. आता त्याची पदवी भिंतीवर आहे, आईने हार घातलाय. म्हाताऱ्यांना चालवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, असं लोक म्हणतात. सेमेसाच्या गावचे लोक बाजारात भेटले की अजून प्रेमाने शिव्या घालतात. तो मान खाली घालून पुढे जातो. परवा एकाने मला विचारलं, "शेठ, त्या पोराला आमचा राग आलाय का?" 

आणि हे मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. त्या सोमवारी संध्याकाळी इस्पितळाचा शिपाई तो वॉकर माझ्याकडे घेऊन आला. पायांची रबरं बदलायची होती. ती मीच विकलेली, आदल्याच आठवड्यात. चारही आरपार झिजलेली. आत लोखंडी नळ्या, त्याही बोटभर घासलेल्या, सुरीसारख्या चकचकीत. एका रात्रीत नाही होत असं. त्याला माणूस वर्षानुवर्षं चालावा लागतो.

पोरांनो, उद्या तुम्ही दुकान सांभाळा नाहीतर वॉर्ड. हिशोब तेवढा खरा लिहा. एवढं माझं ऐका.