टोपल्याखालची काकडी

धम्मप्रियानं खुरपं असं आपटलं, की अक्षराच्या हातातले उपासाचे शेंगदाणे सांडले.

"मी पाणी जास्त घातलं नव्हतं," धम्मप्रिया चौथ्यांदा म्हणाली.

अहमदपुरात शिवरात्रीची सुट्टी होती. थंडी सरता सरता या दोघी मैत्रिणींनी धम्मप्रियाच्या परसात वाफा खणला होता, शेणखत मिसळलं होतं आणि काकडीचं गावरान बी लावलं होतं. बी देगलूरच्या आजीचं. आजी गेली, आणि तेवढंच बी उरलं. बारा रोपं छान वर आली आणि तीन दिवसांत पिळवटून गेली. व्यंकटीकाकांनी सगळ्यांसमोर निकाल लावला, की पोरीनं पाणी लई घातलं, आता हे उपटून बाजारातलं पाकीट लावा. आई गप्प बसली. धम्मप्रियाला काकांपेक्षा त्याचाच संताप आला होता.

"अगं, हे कोपऱ्यातलं बघ की," अक्षरा म्हणाली.

अकरा रोपं मेली होती आणि बारावं टवटवीत होतं! पाणी तर सगळ्यांना सारखंच. मग धम्मप्रियाला आठवलं. गारठा लागू नये म्हणून ती रात्री रोपांवर टोपली पालथी घालायची आणि सकाळी उचलायची. रविवारी कोपऱ्यातलं टोपलं उचलायचं राहिलं, आणि त्याच सकाळी काकांनी वाफ्यावर निंबोळी अर्क फवारला होता. म्हणजे जे पडलं, ते वरून. दोघींनी गोठ्यातला पंप हुंगला. तणनाशकाचा उग्र वास आला. शनिवारी हाच पंप घेऊन काका उसातलं तण मारायला गेले होते.

विचारल्यावर काका हसले. पंप धुतलाय म्हणाले, स्वच्छ हाय.

धम्मप्रियानं पंपात साधं पाणी भरलं, तो पाठीवर घेतला आणि आईसमोरून सरळ काकांच्या लाडक्या मिरचीकडे निघाली.

"थांब! जळंल ना समदी!" काका धावत आले, आणि बोलून गेल्यावर जागीच उभे राहिले.

पंप धुतलेलाच नव्हता, हे सगळ्यांना कळलं. काका डोकं खाजवत म्हणाले, पोरगी लई हुशार हाय.

"हुशार नका म्हणू. मी पाणी जास्त घातलं नव्हतं, ते म्हणा."

"म्हणा भावजी," आई म्हणाली.

काकांनी मान खाली घालून तसं म्हटलं. आई वाफ्यापाशी आली, उरलेल्या रोपाजवळ बसली. "मी पण त्या दिवशी बोलायला पाहिजे होतं, प्रिया," ती म्हणाली, आणि रात्री झाकायला टोपलं स्वतः उचलून जवळ ठेवलं.