तळ्यावरचा अबोला

हे खरंच घडलंय. माझ्या नवऱ्यासोबत, माझ्या डोळ्यांदेखत. खोटं वाटलं तर वाटू द्या, मी कुणाची समजूत घालायला बसलेली नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. चाकूरजवळचा तलाव, दिवस मावळतीला आलेला.

आमचे हे, बालाजीराव, मोबाईलवर व्हिडिओ बघून कयाक घेऊन आले. एका माणसापुरती प्लास्टिकची होडी. तिच्यात बसून गळानं मासे धरायचे म्हणे. होडीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, पुढच्या टोकाला लिंबू-मिरचीसुद्धा बांधली.

आणि लाईफ जॅकेट?

ते घडी घालून बुडाखाली घेतलं. बसायला मऊ लागतं म्हणून.

मी म्हटलं, पहिलाच दिवस आहे, जॅकेट अंगात घाला, काठाकाठानंच फिरा. तर हसले.

"विहिरीत पव्हायला शिकलोय मी. तळ्याला काय भ्यायचं?"

त्या संध्याकाळी मला एक गोष्ट सांगायची होती. मला दिवस गेले होते. अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, माझ्या आईलाही नाही. पण त्या हसण्यानं माझं डोकंच फिरलं. मी अबोला धरला आणि काठावर तोंड मिटून बसले.

हे वल्हं मारत पार मधोमध गेले.

मग वारा पडला. बगळे उडून गेले.

वल्ह्याचा आवाज थांबला...

बघते तर होडी उलटी. निळं बूड वर, आणि माणूस कुठेच नाही.

मी ओरडायला तोंड उघडलं. घशातून आवाजच निघेना. कुणीतरी काढून नेल्यासारखा.

आणि तळ्याच्या मधून... एका बाईचं बोलणं ऐकू आलं. शब्द कळत नव्हते. पण ती भयंकर चिडलेली होती.

अंधार पडता पडता हे होडीला धरून काठाला लागले. अंगात जॅकेट होतं. उलटं घातलेलं, पट्टे पाठीवर. स्वतःच्या हातानं तसे लावताच येत नाहीत. इतके आवळलेले की मला सुरीनं कापावे लागले.

धापा टाकत म्हणाले, "एवढं कशाला रागावलीस गं? जॅकेट घालूस्तोवर शिव्या, काठ येईस्तोवर शिव्या. अन् मला अरे-तुरे करायलीस..."

मी ह्यांना कधीच अरे-तुरे केलेलं नाही.

मग त्यांचं लक्ष माझ्या साडीकडे गेलं. कोरडी होती.

त्यांनी माझा पदर चाचपून बघितला. मग हळूच म्हणाले, "आवाज तर तुझाच व्हता. दोन जिवाची हाय म्हणालीस. मला आधी का न्हाई सांगितलं?"

सासूबाई म्हणतात, जिनं वाचवलं तिचे उपकार मान. मी मानत नाही. ती बातमी माझी होती, मीच द्यायची होती.

कयाक परसात पालथी पडली आहे. मला आता सातवा लागलाय.

पण अजूनही घरात माझा चिडलेला आवाज आला की हे आधी माझ्या तोंडाकडे बघतात...

ओठ हलतायत का, ते.