तिसरी प्रत

पडद्यावर मोठा दिसणारा तो गोळा प्रत्यक्षात मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान होता, आणि केतकीचा सगळा जीव त्यात अडकला होता.

तो खवल्या मांजराचा गर्भ होता. चिपळूणजवळच्या खवल्या केंद्रात केतकीची आत्या, डॉ. सुनेत्रा खातू, असे गर्भ काचेच्या पेटीत सांभाळायची. याची आई घाटात गाडीखाली गेली होती, आणि तिच्या मागे एवढा एकच गर्भ उरला होता. गुंडी नावाची दुसरी मादी आज त्याला पोटात घ्यायला तयार होती. आज नाही तर कधीच नाही!

आणि नेमकं आजच घोडं अडलं. केंद्रातला यंत्रमानव चिमटा केसाहून बारीक बोटांचा होता आणि भलताच शिष्ट. त्याने गर्भाच्या काही पेशी तपासल्या आणि जाहीर केलं, "पाचव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती. नियमानुसार गर्भ बाद."

गुणसूत्रं (पेशीतले वारशाचे धागे, प्रत्येकाची एक प्रत आईकडून, एक बाबांकडून) केतकीला माहीत होती. ती रडायच्या बेतात होती, पण डोकं चालूच होतं.

"आत्या, हा तर पहिल्यापासून झकास वाढतोय. तिसरी प्रत आत्ताच कुठून टपकली?"

"आत्ता नाही गं. पेशीच्या दोन पेशी होताना धाग्यांची वाटणी चुकते कधीकधी. ती चूक फार आधीच झाली असणार."

"मग इतके दिवस ती गप्प कशी बसली?"

"कारण सुरुवातीला गर्भ स्वतःचं काही रांधतच नाही," आत्या म्हणाली. "आईने बीजातच शिदोरी बांधून दिलेली असते. पहिले दिवस तो त्यावर काढतो. त्याची स्वतःची जनुकं (धाग्यांवर लिहिलेल्या कृती) तेव्हा झोपलेली असतात. झोपलेल्यांत दोन काय नि तीन काय! मग शिदोरी संपत येते आणि जनुकं जागी होतात. तेव्हा कुठे घोटाळा उघड होतो."

जनुकं जागी होतात! केतकीच्या अंगावर काटा आला. एवढ्याशा गोळ्यात, कुणी हाक न मारता.

"जागी झाली की काय होतं?"

"आमटीत मीठ घालायला दोघी असायच्या, तिथे तिसरी आली तर? मीठ साधारण दीडपट. इथे तर त्या धाग्यावरच्या शेकडो कृतींचं तसं होतं. त्यांच्यापायी बाकीच्या धाग्यांवरची जनुकंही बिथरतात. काही जोरात चालतात, काही मंदावतात. हा पसारा आवरताना पेशी थकून जाते."

"म्हणजे जास्तीची प्रत असली की मरायचंच?"

"असं काही नाही. धागा छोटा असला, त्यावर जनुकं कमी असली, तर निभावतंही. तुझ्या वर्गातल्या ओजसच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत आहे. तो तर कॅरममध्ये तुला हरवतो."

"एकदाच हरवलंय!"

"पण खवल्याचं पाचवं गुणसूत्र मोठं आहे, बाळा." आत्याचा आवाज उतरला.

केतकी चिमट्याकडे वळली. "तू पेशी कुठून काढल्यास रे?"

"बाहेरच्या थरातून. आतल्या पुंजक्याला हात लावत नाहीत."

"बाहेरच्या थराचं पुढे काय होतं?"

"वार (आईच्या पोटात बाळाला पोसणारा अवयव)."

"आणि बाळ?"

"आतल्या पुंजक्याचं."

"मग चौकशी वारेची केलीस आणि बाद बाळाला करतोस?"

यंत्रमानव ओशाळतात की नाही, देव जाणे; पण चिमट्याचा दिवा जरा मिणमिणला खरा.

"हेच मी सकाळपासून मनाशी घोळवतेय," आत्या म्हणाली. "पण आतही तशाच पेशी भरलेल्या असल्या तर गर्भ पोटातच मरेल आणि गुंडीच्या जिवाशी खेळ होईल. चल, आधी आत डोकावून बघू."

नवा सूक्ष्मदर्शक गर्भाला न दुखवता आतलं दाखवायचा. थकलेल्या पेशी त्यात केशरी दिसायच्या. पुंजक्यात तशा काही होत्याच!

दोघी बघत राहिल्या. दुपार कलली. मग एक केशरी पेशी आक्रसली आणि तिचे तुकडे झाले. शेजारच्या पेशींनी ते गिळून टाकले. थोड्या वेळाने दुसरी गेली, मग तिसरी.

"कुणी मारलं त्यांना?"

"कुणी नाही. आतलं फार बिघडलं की काही पेशी स्वतःच संपतात. निरोगी पेशी वाढून त्यांची जागा भरतात. वारेच्या थरात मात्र अशा पेशी रेंगाळतात."

"पण आपण संपायचं, हे त्यांना कळतं कसं?"

"थोडं उमगलंय, पुष्कळ बाकी आहे. ते उमगलं तर किती आयांची पोटातली बाळं वाचतील! ते तुम्ही शोधा."

संध्याकाळी पुंजक्यात एकही केशरी ठिपका उरला नाही. आत्याने डोळे पुसले आणि ती म्हणाली, "चिमट्या, गुंडीला आण."

काही महिन्यांनी गुंडीला पिल्लू झालं. वारेत तिसऱ्या प्रतीच्या पेशी सापडल्या. पिल्लाच्या रक्तात एकही नाही.

"आत्या, मी एवढीशी होते तेव्हा माझ्यातही तशा पेशी असतील?"

"असतीलही. पुष्कळांच्या गर्भात असतात."

केतकीने आपल्या तळहाताकडे निरखून पाहिलं.

"म्हणजे मी व्हावी म्हणून माझ्यातलंच कुणीतरी आधी बाजूला झालं," ती हळूच म्हणाली.

आत्याने तिला जवळ घेतलं. समोर पिल्लू गुंडीच्या शेपटीला घट्ट चिकटलं होतं, आणि गुंडी त्याला घेऊन मुंग्या शोधायला निघाली होती.